करंबेळकरांचा पाव वळसा

शेजाऱ्याला चहाला बोलावलं तर तो चहा पितो, चिवड्याचं कौतुक करतो आणि आपल्या घरी जातो. करंबेळकर पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी चहा प्यायला, चिवड्यात शेंगदाणे कमी आहेत असं सांगितलं आणि जाता जाता स्वयंपाकघराच्या दाराची बिजागरी सारखी करून दिली. दाराला काहीही झालेलं नव्हतं. "किंचित घासत होतं, वहिनी. पाव वळसा दिलाय फक्त," असं म्हणत त्यांनी स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला. चहाला जाताना जो माणूस खिशात स्क्रूड्रायव्हर ठेवतो त्याला परत बोलावू नये, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्या दिवसापासून ते दार नीट लागत नाही. लीड्सच्या जानेवारीत न लागणारं दार म्हणजे काय, ते ज्याने सोसलंय त्यालाच ठाऊक.

पाव वळसा हा त्यांचा मंत्र होता. कुठलाही स्क्रू, खुंटी, चावी दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. कंपनीने जे बसवून दिलंय ते त्यांना मुळातच मान्य नसे. "फॅक्टरी सेटिंग हे सामान्य माणसांसाठी असतं," असं ते म्हणायचे आणि मग समोरच्या सामान्य माणसाकडे, म्हणजे माझ्याकडे, दयेने बघायचे. त्यांनी स्वतःच्या घरच्या बॉयलरला पाव वळसा दिला आणि सुनंदाने, म्हणजे त्यांच्या बायकोने, आठवडाभर आमच्याकडे येऊन आंघोळ केली. मराठी मंडळाच्या पेटीला दिला, तर गणपतीच्या आरतीला काळी दोन दाबली की काळी तीन सुद्धा सोबतीला वाजायला लागली. गाडीच्या चाकांना दिला, आणि गाडी एमओटीला, म्हणजे इथल्या वार्षिक तपासणीला, नापास होऊन भंगारात गेली.

आणि चूक? चूक कधीच त्यांची नसे. बॉयलर मुळातच जुना होता. पेटीला इकडची हवा मानवत नव्हती. एमओटी करणारा अडाणी होता. पुण्यातून येऊन अर्धं आयुष्य या देशात काढलं, इथल्या लोकांना धक्का लागला नाही तरी सॉरी म्हणायची सवय असते, पण "माझं चुकलं" हे दोन शब्द या माणसाच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. नोकरी कसली, तर सॉफ्टवेअर टेस्टिंगची. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार मिळत होता. अशा माणसाच्या हाती देवाने बंदूक कशाला द्यावी!

बंदूक खेळण्यातली होती, हे आधीच सांगते, नाहीतर वाचणारा घाबरायचा. त्यांची एकुलती एक मुलगी मुक्ता मँचेस्टरला फिजिओथेरपिस्ट आहे. तिला एअरसॉफ्टचा नाद. जंगलात दोन टोळ्या करायच्या, तोंडावर मुखवटे घालायचे आणि एकमेकांवर प्लॅस्टिकच्या बारीक गोळ्या झाडायच्या, असा तो खेळ. मोठमोठे नोकरदार लोक रविवारी पैसे भरून चिखलात लोळतात. मुक्ता तिच्या टीमची कॅप्टन होती. मुलगी मोठी होऊन दुसऱ्या गावाला गेली की आईबापांशी बोलायला विषय उरत नाहीत, तसं त्या बाप-लेकीचं झालं होतं. फोनवर "जेवलीस का" आणि "हो" याच्या पुढे गाडी जात नव्हती. म्हणून तिनेच एकदा म्हटलं, "बाबा, तू ये ना माझ्याबरोबर खेळायला. संडेला. बस एकदा."

सुनंदाने मला हे सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. बाप-लेक काहीतरी एकत्र करणार म्हणून. ती रविवारी हॉस्पिटलात ड्युटीवर, करंबेळकरांची गाडी भंगारात, आमच्या ह्यांची पाठ नेमकी रविवारीच दुखणारी. म्हणून सारथ्य माझ्याकडे आलं. "तू ने गं त्याला," सुनंदा म्हणाली, "नाहीतर घरी बसून परत बॉयलर उघडेल." माझा त्या खेळाशी संबंध तेवढाच.

पहिल्या रविवारी मुक्ताने त्यांना नियम समजावून सांगितले. मोटरवे सोडून डोंगरावर चढलं की एक जंगल आहे, तिथे कुंपणाच्या अलीकडे लाकडी बाकं असतात, तिथे आम्ही बसलो होतो. मुक्ताचं मराठी इथे जन्मलेल्या मुलांचं असतं तसं. "बाबा, हा गेम ऑनरवर चालतो. गोळी लागली ना, तर कोणाला नाही दिसत. तू स्वतः हात वर करायचा आणि ओरडायचा, हिट! आणि बाहेर यायचा. बस, एवढाच रूल आहे."

"म्हणजे पंच नाही?" करंबेळकर म्हणाले.

"मार्शल आहेत, पण ते नाही सांगत. तूच सांगतो."

"मग कोण कशाला सांगेल?"

मुक्ता हसली. "सगळे सांगतात, बाबा. सांगितला नाही तर गेमच नाही ना."

करंबेळकरांना हे हास्यास्पद वाटलं. तिने त्यांच्यासाठी भाड्याची बंदूक घेतली होती. ती त्यांनी उलटीपालटी करून पाहिली, दोनदा वास घेतला, आणि ज्या चेहऱ्याने ते माझ्या चिवड्याकडे बघतात त्या चेहऱ्याने बाकावर ठेवून दिली. "हिचं सेटिंग फॅक्टरीचं आहे," ते म्हणाले. "मी माझी स्वतःची बनवतो. मग येतो आत." त्या दिवशी ते आत गेलेच नाहीत. मुक्ता गेली, खेळली, चिखलाने माखून परत आली. बाबा बाकावर मोबाइलवर बंदुकीचे सुटे भाग बघत बसले होते.

ती बंदूक त्यांनी वर्षभर बांधली. सांगाडा एकीकडून, नळी दुसरीकडून, आतला खटका तिसरीकडून. असलं काही मागवायचं तर खेळाडू असल्याची नोंदणी लागते. तीही त्यांनी करून घेतली, खेळाडू नसताना. चाप ओढला की एक गोळी सुटावी आणि दुसरी आपोआप आत यावी, अशी ती गॅसवर चालणारी बंदूक. तिच्या पोटात एक इवलासा स्क्रू होता. मॅगझिनमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या डबीत, भरलेल्या गॅसपैकी किती गोळीला ढकलायला जाणार आणि किती खटका मागे सारायला जाणार, हे तो स्क्रू ठरवायचा. गोळीला जास्त गेला तर खटका अर्ध्यावर अडकायचा. खटक्याला जास्त गेला तर गोळी म्हाताऱ्याच्या थुंकीसारखी समोर पडायची. आता सांगा, अख्ख्या जगात करंबेळकरांना याच्याइतकी विषारी वस्तू दुसरी कुठली सापडली असती? पाव वळशाला जागा, आणि पाव वळसा कधीच पुरा पडणार नाही याची हमी.

बरं, स्क्रू फिरवायचा कुठे? तर घरात, स्वयंपाकघरात. सुनंदाला थंडी सोसत नाही म्हणून त्यांचं घर कायम भट्टीसारखं तापलेलं. तिथे चार पोळ्यांच्या वाफेत उभं राहून करंबेळकर स्क्रू फिरवणार, जुन्या गादीवर गोळ्या झाडणार, "आता बघा, वहिनी, लोण्यासारखी चालते," म्हणून मला दाखवणार. आणि रविवारी डोंगरावरच्या त्या कडाक्याच्या थंडीत तीच बंदूक एक गोळी टाकून मुकी होणार. गॅस गारठला की ढिला पडतो. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. करंबेळकरांना माहीत नव्हतं असं नाही. पण स्वयंपाकघरात जे बरोबर ठरलं ते जंगलात चुकीचं कसं असेल, हा त्यांचा प्रश्न होता. थंडीचं चुकत होतं.

शेवटी उपाय सापडला तो इडलीत. सुनंदा इडलीचं पीठ गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवते, कारण या देशात पीठ दुसरीकडे कुठे फुगत नाही. एका सकाळी मी पीठ मागायला गेले, तर पातेल्याच्या दोन्ही बाजूंना गॅस भरलेली मॅगझिनं, जुन्या शालीत गुंडाळून ठेवलेली. "गॅसचंही पिठासारखंच आहे, वहिनी. ऊब लागते," ते म्हणाले. मग दर रविवारी माझ्या गाडीत शेकायच्या रबरी पिशवीसकट ती मॅगझिनं मांडीवर घेऊन ते बसायचे. मुलगी तान्ही असताना तिला तरी इतकं जपलं होतं का, असं मी सुनंदाला विचारलं होतं.

ऊब दिल्यावर काय झालं? मैदानात शिरण्याआधी तिथे प्रत्येकाच्या गोळीचा वेग मोजतात. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असला तर बंदूक बाद, कारण लोकांना इजा होते. उबदार गॅसने करंबेळकरांची बंदूक इतकी जोरात सुटली की वेग मोजणारा कीथ, तिथला थोरला मार्शल, आकड्याकडे बघून शीळ घालायला लागला. मग हे बाकावर बसून पाव वळसा उलटा फिरवणार. तोवर मॅगझिन गार होणार. मग परत सुलटा. तोवर दुपार. मुक्ता दर खेळानंतर कुंपणाशी येऊन विचारायची, "झाला, बाबा?" आणि हे मान वर न करता म्हणायचे, "पाचच मिनिटं." त्या पाच मिनिटांत पोरीचं वर्ष गेलं.

मधे एकदा उन्हाळ्यात गरमागरम प्रयोग करावा म्हणून ते मागच्या अंगणात बंदूक घेऊन उभे राहिले. पलीकडच्या नव्या शेजारणीने खिडकीतून काय बघितलं, तर काळी बंदूक हातात घेतलेला एक सावळा, टक्कल पडलेला इसम झुडपाकडे नेम धरून उभा. तिने नव्वद टक्के लोक करतील तेच केलं. पोलिसांच्या दोन गाड्या आल्या. सुनंदा रडत माझ्याकडे धावत आली. आम्ही जाऊन बघतो तो काय, करंबेळकर अंगणातल्या खुर्चीत बसून त्या दोन हत्यारबंद पोलिसांना गॅसचा प्रवाह कागदावर काढून दाखवत होते! पोलीस निघाले ते पटलं म्हणून नाही, कंटाळले म्हणून. जाताना एकाने बजावलं की ही वस्तू पुन्हा अंगणात दिसता कामा नये. करंबेळकर मला म्हणाले, "त्याला खटक्याचं तत्त्व कळलं नाही." नवऱ्याला आज गोळी लागली असती म्हणून सुनंदा आत थरथरत होती. त्याला कळलं नाही म्हणे!

त्यानंतरच्या मार्चमध्ये मुक्ताला ऑकलंडला नोकरी लागली. पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला. तिने घरी येऊन सांगितलं, मी तिथेच होते. सुनंदाने तिला जवळ घेतलं. करंबेळकरांनी तिथल्या हवामानाबद्दल माहिती दिली. मुक्ताने ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "बाबा, एप्रिलचा लास्ट संडे माझा लास्ट गेम आहे. माझा टीममध्ये तू पाहिजे. एक गेम. वन. मला फक्त एकदा बघायचा आहे, तू माझ्या बाजूला."

"येणार म्हणजे येणारच," करंबेळकर म्हणाले. आणि मला वाटतं ते मनापासून म्हणाले. पुढचा महिनाभर त्यांनी काय काय केलं ते देव जाणे, पण स्वयंपाकघरातून बंदूक बाहेर गेली. ते तिला रात्रभर न तापवलेल्या गॅरेजमध्ये ठेवायचे आणि सकाळी हातमोजे घालून तिथेच उभं राहून स्क्रू लावायचे. म्हणजे अक्कल होती. वापरायला वर्ष लागलं एवढंच.

त्या रविवारी सकाळी कीथने वेग मोजला. आकडा अगदी नेमका मर्यादेच्या आत. सगळं मॅगझिन धडाधड रिकामं झालं, एकदाही अडकलं नाही. मुक्ताने टाळी वाजवली, तिच्या टीमने आरडाओरडा केला, मीसुद्धा हातातलं पुस्तक खाली ठेवलं. कीथने स्क्रूच्या तोंडावर पिवळी प्लॅस्टिकची पट्टी घट्ट आवळली. ती पट्टी म्हणजे मोहोर. तपासल्यानंतर स्क्रूला हात लावायचा नाही, पट्टी तुटली तर बंदूक दिवसभरासाठी बाद. हे करंबेळकरांना चांगलं ठाऊक होतं. खेळाला दहा मिनिटं होती. मुक्ता माझ्याकडे बघून हसली आणि मुखवटा घालायला गेली.

आणि ऊन पडलं. या देशात लोक उन्हासाठी नवस करतात, आणि ते मेलं नेमकं त्या दहा मिनिटांत पडलं. करंबेळकरांनी आभाळाकडे पाहिलं. मॅगझिनला हात लावून पाहिला. त्यांचा चेहरा मी ओळखत होते.

"अहो भाऊजी, काही करू नका," मी म्हटलं. "आत जा."

"ऊन आलंय, वहिनी. गॅस तापणार. वेग वाढणार. कुणाला लागलं तर?"

"तर कीथला सांगा. परत मोजेल तो."

"त्याला काय कळतंय? पाव वळसा लागेल फक्त."

आणि खिशातून नेलकटर काढून त्यांनी ती पट्टी कापली. मी बघत असताना कापली. मुलीने जन्मात एकच गोष्ट मागितली होती आणि ती फाटकापर्यंत आली होती, आणि या गृहस्थांना स्क्रू फिरवायचा होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण त्या बैलाला निदान गोठ्यात कुणी वाट बघत बसलेलं नसतं.

फाटकाशी कीथने पट्टी नाही हे पाहिलं. "सॉरी, मेट. नो टॅग, नो गन," तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलं असावं, कारण त्याने लगेच आतून भाड्याची बंदूक आणून पुढे केली. "टेक दिस वन. ऑन द हाउस. गो प्ले विथ युअर लास." पैसे नकोत, पोरीबरोबर जाऊन खेळ, असं म्हणत होता.

करंबेळकरांनी त्या बंदुकीकडे पाहिलं. "दॅट इज फॅक्टरी सेटिंग," ते म्हणाले.

"बाबा, घे ना," मुक्ता म्हणाली. "प्लीज. कोणता पण चालेल."

"तू हो पुढे. मी याला समजावून सांगतो. माझं काही चुकलेलं नाही, उलट मी सगळ्यांच्या सेफ्टीसाठी..."

"बाबा."

"पाचच मिनिटं."

शिट्टी झाली. मुक्ता दोन पावलं मागे मागे गेली, त्यांच्याकडे बघत. मग वळली आणि टीमबरोबर झाडीत पळाली. करंबेळकर कीथला तापमान आणि दाबाचा संबंध सांगत राहिले. मला त्या क्षणी या माणसाची इतकी चीड आली की मी गाडीत जाऊन बसले. परतताना मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण वाटभर ते पिवळ्या पट्टीचा नियम कसा अशास्त्रीय आहे ते सांगत होते. पुढच्या आठवड्यात मुक्ता गेली. विमानतळावर सुनंदाबरोबर मी गेले होते. करंबेळकरांनी मुक्ताच्या बॅगेचं चाक तपासलं.

मग मी त्यांच्याकडे जाणं कमी केलं. सुनंदा यायची. मुक्ता आईला फोन करते, बापाला "हाय" म्हणते, असं तिच्याकडून कळायचं. बंदूक गॅरेजमध्ये होती.

नोव्हेंबरात सुनंदाचा फोन आला. "रविवारी नेशील का त्याला? त्यानेच विचारलंय. तुला विचारायची लाज वाटते म्हणाला."

"लाज? भाऊजींना?"

"हो गं. मलाही नवीनच आहे."

मी गेले, का कुणास ठाऊक. ते बाहेर आले तेव्हा हातात बंदुकीची पेटी नव्हती. शाल नाही, शेकायची पिशवी नाही. कापडी पिशवीत फक्त हातमोजे आणि मुक्ताचा जुना मुखवटा. गाडीत गॅसचं नावही काढलं नाही. तिथे पोचल्यावर सामान भाड्याने देतात त्या खिडकीपाशी जाऊन त्यांनी भाड्याची बंदूक मागितली. तिला उलटीपालटी केली नाही. कीथने त्यांना ओळखलं. जाण्याआधी ते माझ्यापाशी आले. "वहिनी, जमलं तर जरा व्हिडिओ काढाल? मुक्ताला दाखवायचाय."

शिट्टी झाली आणि ते अनोळखी पोरांच्या टोळीत शिरले. मी जाळीला फोन टेकवून उभी राहिले. त्यांना पळता येत नव्हतं. नेम तर कुठल्याच बाजूचा नव्हता. उलट्या पिंपांच्या मागे ते चिखलात पोटावर झोपले आणि बराच वेळ तिथेच राहिले, दिसेनासे झाले. समोरचे लोकही पुढे निघून गेले होते. त्यांना कुणी मारलं, कधी मारलं, मला दिसलं नाही. कुणालाच दिसलं नसणार. ते तिथेच पडून राहिले असते तरी कुणी विचारलं नसतं.

ते गुडघ्यावर हात ठेवून उठले. बंदूक एका हातात, दुसरा हात पार वर, शाळेत उत्तर येणाऱ्या पोराचा असतो तसा. आणि ओरडले, "हिट!" इतक्या मोठ्याने ओरडायची गरज नव्हती. दोन-चार पोरं वळून बघायला लागली. ते तसेच हात वर ठेवून चिखलातून हळूहळू चालत फाटकापर्यंत आले. फाटकाबाहेर आल्यावर हात खाली करतात, त्यांनी केला नाही. माझ्यासमोर आले तेव्हाही तो वरच होता. मुखवट्याच्या आत काय चाललं होतं ते मला बघवेना, म्हणून मी फोनकडे बघितलं.

व्हिडिओ वाईट आला होता. थंडीने माझा हात हलत होता, कोपऱ्यात माझं बोट आलं होतं, अर्धा वेळ नुसती जाळी दिसत होती. "भाऊजी, नीट नाही आला," मी म्हटलं. "पुढच्या खेळात परत काढते."

त्यांनी हात खाली घेतला, मुखवटा काढला आणि मान हलवली.

"नको," ते म्हणाले. "आहे तसा पाठवा."